फोनवरचे तारे आणि वहीतले दहा रुपये

आज आम्ही बोलणार आहोत मुलांच्या गणिताबद्दल आणि घरातल्या मोबाइलबद्दल. तुमच्यातल्या बऱ्याच जणी म्हणतील, "आमचीच शाळा अर्धी राहिली, आम्ही कुठलं गणित शिकवणार?" आमच्या गटातही सगळ्या हेच म्हणत होत्या.

गटातल्या एका ताईंची मुलगी सहावीत आहे. गणिताचा तास असला की तिचं पोट दुखायचं. कुणीतरी सुचवलं, फोनवर गणिताचे खेळ असतात, ते द्या. दिले. पोरगी खूश! बरोबर उत्तराला एक तारा, दहा ताऱ्यांना टाळ्या. आठ दिवसांत दीडशे तारे जमले. मग एका संध्याकाळी आम्ही तिच्या शेजारी बसलो, तर ती प्रश्न वाचतच नव्हती. चार उत्तरांवर एकामागून एक बोट ठेवायची, हिरवं होईपर्यंत. तारे वाढत होते, गणित होतं तिथंच.

फोन काढून घ्यावा असं आधी वाटलं. पण त्याच्यामुळे ती निदान गणिताजवळ बसत होती. म्हणून एकच नियम केला. बोट लावायच्या आधी उत्तर तोंडाने सांगायचं, आणि ते कसं काढलं तेही. आईने फक्त "कसं गं?" एवढंच विचारायचं. बरोबर की चूक, ते फोन सांगतो. त्यासाठी आईला अपूर्णांक यायची गरज नाही. चुलीपुढे भाकरी थापता थापताही हे जमतं.

दुसरी सोय पुस्तकातच आहे. बालभारतीच्या पुस्तकात काळा-पांढरा चौकोन छापलेला असतो, तो क्यूआर कोड. फोनमध्ये दीक्षा ॲप घ्यायचं, त्यातून चौकोनावर फोन धरायचा, की त्या पुस्तकाचे व्हिडिओ आणि सराव दिसतात. पैसे लागत नाहीत. घरी रेंज नसेल तर रेंज असेल तिथं उतरवून घ्या, नंतर इंटरनेटशिवाय पाहता येतं. पुस्तकाला असे कोड जोडण्याचं काम सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी केलं. २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. म्हणजे ही शहरातून आलेली गोष्ट नाही.

मुलींचं एक वेगळंच. घरात फोन एक, आणि तो दादाच्या हातात. आम्ही सभेत ठरवलं, जेवणाआधीचा अर्धा तास फोन मुलीचा. दोन घरांत यावरून भांडण झालं. एका घरात अजून मिटलेलं नाही.

आता त्या मुलीचं सांगतो. मासिक सभेला ती आईबरोबर आली. एका ताईंनी ५,००० रुपये कर्ज घेतलंय, महिना शेकडा २ रुपये व्याज, दरमहा ५०० रुपये मुद्दल परत. पहिल्या महिन्याचं व्याज १००, दुसऱ्याचं ९०, तिसऱ्याचं ८०. चौथ्या महिन्यालाही आम्ही ८० लिहिलं होतं. पोरगी वहीत डोकावली आणि म्हणाली, "मुद्दल साडेतीन हजार राहिलं ना, मग सत्तर पाहिजेत." कुणी म्हणालं, गप गं, मोठ्यांच्यात बोलू नये. आम्हीच मग म्हटलं, "कसं गं?" तिने तोंडी सांगितलं, फोनच्या कॅल्क्युलेटरवर दाखवलं. चूक आमचीच होती.

पुढे तिने दहाही महिन्यांची बेरीज केली, ५५० रुपये. आणि विचारलं, दर महिन्याला पूर्ण पाच हजारांवर व्याज लावलं तर? १,००० रुपये. सभा थोडा वेळ गप्पच झाली. आमच्यातल्या काही जणींनी बाहेरून कर्ज घेतलेलं आहे. दुसऱ्या दिवशी दोघी आपापली हप्त्याची कार्डं घेऊन तिच्या घरी गेल्या.

ते दहा रुपये आम्ही ताईंना परत केले, वहीत तशी नोंद घातली. आता सभेच्या दिवशी व्याजाचा रकाना ती आधी तोंडी काढते, मग फोनवर पडताळते. परीक्षेच्या दिवशी पोट अजून दुखतं. पण गणिताच्या तासाला आता ती बसते.