पाणी किती मिनिटांवर?

(महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)



पाणीटंचाईचा अर्ज लिहायला बसलो की आपण पहिल्याच ओळीत अडकतो. ‘विहीर वस्तीपासून लांब आहे.’ लांब म्हणजे किती? सरपंच म्हणतात, हाकेच्या अंतरावर. मोटारसायकलवरून आलेले साहेब म्हणतात, पाच मिनिटं. डोक्यावर हंडा असलेल्या बाईला कुणी विचारत नाही. विचारलंच तर तीही म्हणते, “रोजचंच आहे, त्यात काय मोजायचं?” मला आज एवढंच सांगायचंय की मोजायचं, आणि ते मिनिटांत मोजायचं.

चालायला किती वेळ लागेल याचा अंदाज बांधायचा एक जुना हिशोब आहे. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने तो १८९२ साली मांडला. दर तीन मैलांना एक तास धरायचा, आणि दर दोन हजार फूट चढाला आणखी एक तास. आपल्या मापात सांगायचं तर तासाला सुमारे पाच किलोमीटर, आणि सहाशे मीटर चढाला एक तास जास्तीचा. म्हणजे किलोमीटरला बारा मिनिटं, शंभर मीटर चढाला दहा मिनिटं. डोंगर चढणारे लोक आजही हा हिशोब वापरतात.

पण हा हिशोब कुणासाठी केलाय ते बघा. धडधाकट, हौसेने डोंगर चढणाऱ्या माणसासाठी! त्यात डोक्यावर हंडा नाही, कडेवर मूल नाही, सातवा महिना नाही, अनवाणी पाय नाहीत. वाटेत टेकण्याचा वेळही नाही.

आता तो आपल्या वाडीला लावून बघू. जव्हार-मोखाड्यात, पेठ-सुरगाण्यात पाऊस धो धो पडतो आणि उन्हाळ्यात पाण्यासाठी दरीत उतरावं लागतं. समजा, झरा एक किलोमीटरवर आहे आणि वाडीपासून शंभर मीटर खाली. जाताना बारा मिनिटं. येताना बारा अधिक चढाची दहा. एकूण चौतीस मिनिटं, तीही मोकळ्या हातांनी. गिर्यारोहक चढून गेला की उतरताना सुटतो. आपली बाई रिकामी उतरते आणि भरलेला हंडा घेऊन चढते. पंधरा लिटरच्या हंड्यात पंधरा किलो पाणी, पाच लिटरच्या कळशीत पाच किलो, वर भांड्यांचं वजन वेगळं. या वीस किलोंचा हिशोब त्या नियमात कुठेच नाही.

सरकारचा जुना निकष आठवा. माणशी रोज ४० लिटर पाणी, आणि पाण्याचं ठिकाण सपाटीवर १.६ किलोमीटरच्या आत, डोंगरी भागात १०० मीटर उंचीच्या फरकाच्या आत. तेवढं असलं की कागदावर गावाची सोय झाली. पाच माणसांच्या घराला २०० लिटर. हंडा-कळशी मिळून एका खेपेला २० लिटर, म्हणजे दहा खेपा. सपाट वाटेवर १.६ किलोमीटर जाऊन यायला अडतीस मिनिटं. दहा खेपांचे सहा तास वीस मिनिटं! रांग नाही, ओझं नाही, विसावा नाही असं धरून. मग स्वयंपाक कधी, मजुरी कधी? म्हणून घर ४० लिटर वापरतच नाही. बाई स्वतःच्या अंघोळीचं पाणी वाचवते, पाळीच्या दिवसांतही वाचवते, आणि थोरल्या मुलीची शाळा बुडते.

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ २०१७ पासून वेगळं माप लावतात. जाणं, येणं आणि रांग धरून तीस मिनिटांच्या आत सुरक्षित स्रोताचं पाणी मिळालं तरच ती ‘मूलभूत’ सोय. या मापात अंतर मिनिटांत आहे आणि रांगही मोजली आहे. आपला १.६ किलोमीटरचा निकष रांगेत उभं राहायच्या आधीच यात नापास होतो.

२०१९ साली जलजीवन मिशन आलं. घरोघरी नळ आणि माणशी ५५ लिटर असं त्याचं उद्दिष्ट. पण नळ बसला आणि मे महिन्यात कोरडा पडला, तर कागदावरची चाल संपते, बाईची संपत नाही. म्हणून मोजणी मे महिन्यात करायची.

कशी करायची? दोघींनी जायचं, एकीकडे घड्याळ किंवा मोबाइल. चार वेळा लिहायच्या: घरातून निघाली, पाण्यावर पोचली, हंडा भरून उचलला, घरी उतरवला. म्हणजे जाणं, रांग आणि येणं वेगवेगळं दिसतं. एकदा पहाटे, एकदा संध्याकाळी. वाडीतल्या तरण्याताठ्या पोरीबरोबर मोजा, आणि म्हाताऱ्या आजीबरोबरही. वाटेत टेकली तर तो वेळ वगळू नका. दिवसाच्या खेपा मोजा आणि गुणाकार करा. मोबाइलच्या नकाशावरची मिनिटं अर्जात लिहू नका. तो हंडा धरत नाही.

या आकड्यांचा घरातही उपयोग आहे. “विहीर एवढीशी लांब, मग तास कुठे घालवलास?” हा प्रश्न आपल्यातल्या कितीजणींनी ऐकलाय! त्या प्रश्नापायी मारही खाल्लाय. बाईच्या चालण्याचा अंदाज दुसरा बांधतो, आणि तो चुकला की संशय मात्र तिच्यावर. भिंतीवर टांगलेला मिनिटांचा तक्ता संशयी नवऱ्याला सुधारेल असं मी म्हणत नाही. पण चार बायांनी मिळून मोजलेला वेळ असला, तर ती एकटी पडत नाही. आणि तक्ता पुरुषांसमोर ठेवून विचारता येतं, यातल्या किती खेपा तुम्ही उचलणार?

येत्या ग्रामसभेच्या ठरावात ‘विहीर लांब आहे’ असं लिहू नका. लिहा: ‘एका खेपेला इतकी मिनिटं, दिवसाला इतक्या खेपा, इतकी घरं.’ खाली मोजणाऱ्या बायकांच्या सह्या आणि अंगठे. साहेब म्हणाले आकडा फुगवलाय, तर त्यांना एक हंडा द्या, चुंबळ द्या, आणि घड्याळ आपल्या हातात ठेवा.