परमिट संपलं, अर्ज टाकलाय; गाडी काढू का?

लग्नसराई आली की नांदेड-लातूर रस्त्यावर पिवळ्या पाटीच्या गाड्यांना दम नसतो. अशाच वेळी लातूरच्या एका टॅक्सीवाल्या मित्राचा मला फोन आला. "दादा, परमिट मागच्या आठवड्यात संपलं. रिन्यूअलचा अर्ज टाकलाय. ते मिळालं की मागच्या तारखेपासूनच धरतात म्हणे. मग उद्याचं भाडं मारू का?"

त्याचं अर्धं बरोबर आहे. धोका उरलेल्या अर्ध्यात आहे.

मोटार वाहन कायदा, १९८८. कलम ८१ म्हणतं, नेहमीचं परमिट पाच वर्षांचं. १९३९ च्या जुन्या कायद्यात तीन ते पाच वर्षांमधली मुदत प्राधिकरण ठरवायचं. नव्या कायद्यानं ती मोकळीक काढली. आता तुमचं तोंड बघून कुणी दोनच वर्षांचं परमिट देऊ शकत नाही.

आता रिन्यूअल. अर्ज मुदत संपायच्या किमान १५ दिवस आधी करायचा. म्हणजे परमिट ३० जूनला संपत असेल, तर १५ जूनपर्यंत. उशीर झाला तर सबळ कारण दाखवावं लागतं. आणि हो, उशिरा मंजूर झालेलं रिन्यूअल जुनी मुदत संपल्या तारखेपासूनच लागू होतं. मित्र म्हणतो ते हेच.

पण जरा पुढं, कलम ८७ वाचा. रिन्यूअलचा निर्णय बाकी असताना तात्पुरतं परमिट देण्याची सोय तिथं आहे. आता सांगा, नुसत्या अर्जावर गाडी चालवता आली असती, तर ही सोय केलीच कशाला असती? म्हणजे अर्जाची पावती हे काही परमिट नव्हे. शिवाय रिन्यूअल मिळेलच कशावरून? नाकारलं, तर मधल्या दिवसांना कसलाच आधार उरत नाही.

आणि त्याच दिवसांत अपघात झाला तर? अमृत पॉल सिंग खटल्यात २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, परमिटशिवाय गाडी रस्त्यावर आणणं हा कायद्याचा मूलभूत भंग आहे. विमा कंपनीनं पीडिताच्या घरच्यांना भरपाई द्यायची, पण ती रक्कम मालकाकडून वसूल करायची. कर्जावर एकच गाडी घेतलेल्या पोरानं ती कुठून भरायची?

मित्राला मी म्हणालो, "उद्याचं भाडं दुसऱ्याला दे. आधी तात्पुरतं परमिट काढ." तो थोडा रुसला. चालतंय की!

तुमचं काय? आत्ताच परमिटची तारीख बघा आणि तिच्या महिनाभर आधीचा रिमाइंडर मोबाइलवर लावा. भेटू पुढच्या भागात.