यकृतातली गाठ आणि हिरवा उजेड

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)

पोटाचे ऑपरेशन म्हटले की पूर्वी वीतभर लांबीचा छेद डोळ्यांपुढे येत असे. आता पित्ताशयातले खडे काढायचे असोत की अपेंडिक्स, घरातली माणसेच पहिला प्रश्न विचारतात, "डॉक्टर, दुर्बिणीतून होईल ना?" यकृताच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर बरीच वर्षे 'नाही' असेच होते, आणि त्याला कारणही होते. यकृत म्हणजे सुमारे दीड किलो वजनाचा, रक्ताने भरलेला मऊ अवयव. मिनिटाला जवळजवळ दीड लिटर रक्त त्यातून वाहते. तिथे चुकून मोठी शीर कापली गेली, तर एवढ्याशा भोकातून रक्तस्राव आवरणार कसा, ही भीती रास्त होती.

तरीही १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून काही शल्यचिकित्सकांनी दुर्बिणीतून यकृताचे लहान भाग काढायला सुरुवात केली. साधने सुधारली, हात सरावले. नॉर्वेतील ऑस्लोच्या विद्यापीठ रुग्णालयात २०१२ ते २०१६ या काळात २८० रुग्णांवर एक शिस्तबद्ध अभ्यास झाला. या सर्वांच्या मोठ्या आतड्याचा कर्करोग यकृतात पसरलेला होता. निम्म्यांची शस्त्रक्रिया पोट उघडून झाली, निम्म्यांची दुर्बिणीतून. पोट उघडलेल्या रुग्णांपैकी ३१ टक्क्यांना नंतर काही ना काही गुंतागुंत झाली. दुर्बिणीच्या गटात हे प्रमाण १९ टक्के होते. रुग्णालयातला मुक्कामही ९६ तासांवरून ५३ तासांवर आला.

म्हणजे रुग्णाचा फायदा झाला. पण या सौद्यात सर्जनने एक मोलाची गोष्ट गमावली. ती म्हणजे स्पर्श.

पोट उघडल्यावर अनुभवी सर्जन यकृत दोन्ही तळहातांत धरून चाचपतो. हरभऱ्याएवढी गाठसुद्धा बोटांना कळते. तुम्ही म्हणाल, आधी सीटी स्कॅन आणि एमआरआय केलेले असते ना? असते. पण तो झाला नकाशा. पोटात वायू भरला, रुग्ण कुशीवर वळवला, यकृत बाजूला उचलले, की त्या मऊ अवयवाचा आकार बदलतो आणि नकाशातली जागा नेमकी कुठे आली, हे पुन्हा शोधावे लागते. हातात असतात लांब दांड्याची अवजारे. भाताचे शीत बोटांनी दाबून पाहणे आणि हातभर लांबीच्या चिमट्याने दाबून पाहणे, यात जो फरक आहे तोच इथे आहे.

यात चूक दोन्ही बाजूंनी होऊ शकते. थोडे कमी कापले तर गाठीचा अंश मागे राहतो. सुरक्षित म्हणून जास्त कापले तर उरलेले यकृत अपुरे पडते. निरोगी माणसाला पाव ते तीस टक्के यकृत उरले तरी चालते, कारण ते पुन्हा वाढते. सिरॉसिस झालेल्या यकृताला मात्र निदान चाळीस टक्के तरी राखावे लागते. आणि यकृताचा कर्करोग बहुतेक वेळा अशा आजारी यकृतातच होतो. म्हणून तिथे प्रत्येक सेंटिमीटरला किंमत आहे.

ही उणीव काही अंशी भरून काढली ती एका जुन्या रंगद्रव्याने. त्याचे नाव इंडोसायनिन ग्रीन. १९५५ मध्ये कोडॅक कंपनीच्या प्रयोगशाळेत ते तयार झाले ते छायाचित्रणासाठी. पुढे अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये हृदय मिनिटाला किती रक्त बाहेर टाकते, हे मोजण्यासाठी त्याचा उपयोग झाला. १९५९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला मान्यता दिली. डोळ्याच्या पडद्यामागील रक्तवाहिन्या तपासतानाही हे द्रव्य वापरतात.

या द्रव्याचे दोन गुण आपल्या कामाचे आहेत. पहिला असा, की शिरेतून दिल्यावर ते रक्तातील प्रथिनांना चिकटते. ते उचलतात फक्त यकृताच्या पेशी, आणि त्याचे काहीही रूपांतर न करता पित्तातून बाहेर टाकतात. निरोगी माणसाच्या रक्तातले त्याचे प्रमाण तीन-चार मिनिटांत निम्म्यावर येते. दुसरा गुण प्रतिदीप्तीचा. बँकेतला रोखपाल नोट जांभळ्या दिव्याखाली धरतो, तेव्हा एरवी न दिसणारे तंतू चमकू लागतात. एका प्रकारचा उजेड घ्यायचा आणि दुसऱ्या प्रकारचा परत द्यायचा, ही प्रतिदीप्ती. ट्यूबलाइटच्या आतली पांढरी भुकटी हेच काम करते. इंडोसायनिन ग्रीनच्या बाबतीत घेतलेला आणि दिलेला असे दोन्ही उजेड तांबड्या रंगाच्या पलीकडचे, म्हणजे अवरक्त असतात. आपल्या डोळ्यांना ते दिसत नाहीत, खास कॅमेऱ्याला दिसतात. टीव्हीच्या रिमोटचे बटण दाबून त्याचे टोक मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरा. डोळ्यांना न दिसणारा ठिपका बऱ्याच मोबाइलच्या पडद्यावर लुकलुकताना दिसेल. तसेच हे. पडद्यावर जो हिरवा रंग दिसतो, तो यंत्राने आपल्या सोयीसाठी भरलेला असतो.

आता टोकियोला जाऊ. जपानमध्ये यकृताच्या शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाला हे द्रव्य टोचण्याची पद्धत जुनीच होती. पंधरा मिनिटांनी रक्तात ते किती टक्के उरले, यावरून यकृताची ताकद जोखायची आणि किती भाग कापणे झेपेल, ते ठरवायचे. टोकियो विद्यापीठातील ताकेआकी इशिझावा, नोरिहिरो कोकुदो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढचे पाऊल टाकले. चाचणीला काही दिवस लोटल्यावर शस्त्रक्रियेच्या वेळी त्यांनी अवरक्त कॅमेऱ्यातून यकृत पाहिले. निरोगी भागातले द्रव्य केव्हाच पित्तावाटे निघून गेले होते. गाठी मात्र उजळलेल्या होत्या.

याचे कारण मोठे मनोरंजक आहे. यकृतातच उगम पावलेल्या कर्करोगाच्या पेशी बऱ्याचदा मूळ यकृतपेशींचा एक धर्म पाळतात. त्या द्रव्य आत घेतात. पण पित्ताची वाट बिघडल्यामुळे ते बाहेर टाकता येत नाही. आलेला पाहुणा अडकून पडतो आणि गाठ सगळी चमकते. आतड्यातून पसरून आलेल्या गाठीचे वेगळे आहे. तिच्या पेशी मुळात यकृताच्या नव्हेतच, त्यामुळे त्या द्रव्य घेत नाहीत. पण तिच्या दाबाने शेजारच्या यकृतपेशींतून पित्ताचा निचरा नीट होत नाही. म्हणून मधे काळोख आणि भोवती उजेडाचे कडे दिसते. कंकणाकृती सूर्यग्रहणाचे चित्र आठवा.

२००९ मध्ये 'कॅन्सर' या नियतकालिकात या गटाने आपले निष्कर्ष मांडले. काढलेल्या भागातील ६३ यकृत-कर्करोगाच्या गाठी आणि आतड्यातून आलेल्या २८ गाठी अशा सर्वच्या सर्व उजळल्या होत्या. त्या ६३ पैकी ८ गाठी नुसत्या डोळ्यांना दिसल्याच नव्हत्या. मात्र त्याच अभ्यासातला दुसरा आकडाही लक्षात ठेवायला हवा. कापण्यापूर्वी, यकृत पोटात असताना पाहिले, तेव्हा यकृत-कर्करोगाच्या ४१ पैकी २१ गाठीच दिसल्या. कारण सरळ आहे. हा उजेड मांसातून जेमतेम सेंटिमीटरभर वर येतो. खोलवरची गाठ कॅमेऱ्याला दिसत नाही. ती शोधायला यकृतावर टेकवायची सोनोग्राफीच लागते. उलट सोनोग्राफीला अगदी पृष्ठभागालगतची बारीक गाठ चकवते. एकाची उणीव दुसरा भरून काढतो.

या द्रव्याचा दुसरा उपयोग हद्द आखण्याचा. फ्रेंच शल्यचिकित्सक क्लॉद क्विनो यांनी १९५७ मध्ये यकृताचे आठ भाग मांडले. प्रत्येक भागाला रक्तपुरवठ्याची आपली स्वतंत्र फांदी असते. पण बाहेरून या भागांच्या सीमा दिसत नाहीत. शेतकऱ्याला हे चटकन कळेल. पाटाच्या पाण्यावर वाफे भिजतात. एका वाफ्याचे दार मातीने बुजवले आणि पाणी सोडले, तर तेवढाच वाफा कोरडा राहतो. सर्जन आधी रोगट भागाची फांदी बंद करतो, मग शिरेतून द्रव्य देतो. सगळे यकृत हिरवे उजळते आणि काढायचा भाग काळा राहतो. सुरी त्या सीमेवरून चालते. नुसती पृष्ठभागावरची रेघ नव्हे, तर कापत आत जातानाही दोन्ही बाजूंचा फरक पडद्यावर दिसत राहतो.

पण इथे संधी एकदाच मिळते. चुकीची फांदी बंद केली, तर द्रव्य नको तिथे पोहोचते आणि पुढे काही तास यकृत उजळलेलेच राहते. म्हणून गाठी शोधण्याचे काम आधी उरकावे लागते आणि हद्द नंतर आखावी लागते.

उजेडाच्या आणखी दोन मर्यादा सांगतो. सिरॉसिसमध्ये यकृतात साध्या, निरुपद्रवी गाठीही तयार होतात आणि त्यांतल्या काही चमकतात. चमकते ते सगळे कर्करोग नव्हे. शेवटचा निर्णय सूक्ष्मदर्शकाखालीच होतो. शिवाय द्रव्य शस्त्रक्रियेच्या फार जवळ दिले, तर आजारी यकृत ते वेळेत बाहेर टाकत नाही आणि सगळाच पडदा हिरवा होतो. तेव्हा किती दिवस आधी टोचायचे, हे त्या रुग्णाच्या यकृताकडे पाहून ठरवावे लागते. या द्रव्याचे दुष्परिणाम विरळा आहेत. पण त्यात थोडे आयोडीन असते, म्हणून आयोडीनची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना ते आधी सांगायलाच हवे.

आपल्याकडेही मोठ्या शहरांतल्या काही रुग्णालयांत असे कॅमेरे आहेत. त्यामुळे रुग्णाने आणि नातेवाइकांनी काय विचारावे, हे सांगून थांबतो. 'तुमच्याकडे हिरवा कॅमेरा आहे का?' हा प्रश्न शेवटी विचारा. आधी विचारा, अशा किती शस्त्रक्रिया तुम्ही केल्या आहेत? शस्त्रक्रियेच्या वेळी यकृतावर सोनोग्राफी करणार का? माझे किती यकृत उरेल आणि ते पुरेल का? दुर्बिणीतून जमले नाही, तर पोट उघडायची तयारी आहे का? या प्रश्नांची सरळ उत्तरे देणाऱ्या सर्जनच्या हाती हा उजेड फार उपयोगी पडतो. सुरी कुठे टेकवावी, हे उजेड दाखवील. पण कुठे थांबावे, हे मात्र सर्जनलाच ठरवावे लागते.