पुण्याचे नाव लागलेला जंतू
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या प्रसंगाला शोभेल असा विषय घ्या, असे चिटणीसबाईंनी मला बजावले होते. मी मात्र जुलाबाच्या जंतूंवर बोलणार आहे. त्यांनी क्षमा करावी.

या जंतूंपैकी एक तर आपल्याच मुलखातला. ‘साल्मोनेला पूना’ हे त्याचे नाव. साल्मोनेलाच्या कुळात अडीच हजारांहून अधिक प्रकार आहेत, आणि नवा प्रकार जेथे सापडेल त्या गावाचे नाव त्याला देण्याची रीत पडली. गावाची शोभा वाढविणारी ही गोष्ट नव्हे. पण त्यात पुणेकरांचा काही दोष नाही! आता हा जंतू जगभर हिंडतो. २०१५ साली अमेरिकेत त्याने ९०७ माणसे आजारी पाडली. त्यांतली ६ दगावली. चाळीस राज्यांत विखुरलेली ही माणसे, काही एका पंगतीला बसलेली नव्हती. शोध जाऊन पोहोचला तो मेक्सिकोहून आलेल्या काकड्यांपाशी. पण त्याच वर्षी तेथील मुलांना घरी पाळलेल्या लहान कासवांपासूनही साल्मोनेला पूनाची बाधा होत होती. मग कोणता रोगी काकडीचा नि कोणता कासवाचा, हे ओळखायचे कसे? जंतूचे नाव तर एकच.

येथे आपला हेळवी आठवावा. पाटील हे आडनाव गावोगाव आहे. दोन पाटील एकमेकांचे भाऊबंद आहेत की नाहीत, हे आडनावावरून कळत नाही. हेळव्याने वही काढून पिढ्या वाचल्या म्हणजे कळते. जंतूची अशी वही त्याच्या पेशीतच असते. साल्मोनेलाच्या वहीत सुमारे ४८ लाख अक्षरे असतात. एका जंतूचे दोन होताना ही वही नकलली जाते, क्वचित एखादे अक्षर चुकते, आणि ती चूक पुढच्या पिढ्यांत उतरते. रोग्याच्या शौचातला, जनावराच्या अंगावरचा आणि अन्नातला, अशा तीन जंतूंच्या वह्या ताडून पाहिल्या आणि चारदोन अक्षरांचाच फरक निघाला, तर ते जवळचे भाऊबंद. फरक शेकड्यांत गेला, तर आडनाव एक असूनही घराणे निराळे. पूर्वी वहीचे तुकडे करून त्यांची लांबी तेवढी ताडून पाहत. आता अख्खी वही वाचता येते. तरी रोग्याने काय काय खाल्ले, हे घरोघर विचारावे लागतेच.

या वाचनाची करामत पाहा. २०१८-१९ मध्ये फ्रान्समध्ये तीसेक तान्ह्या मुलांना याच जंतूची बाधा झाली. दोष तांदळाच्या बालान्नाच्या भुकटीत निघाला. भुकटी स्पेनमधल्या एका कारखान्यातली. आणि २०१०-११ साली त्याच कारखान्याच्या भुकटीतून स्पेनमधील मुलांना बाधलेल्या जंतूशी याचे जवळचे नाते जुळले. म्हणजे मधली सात-आठ वर्षे हा पाहुणा तेथेच मुक्कामाला होता!

आता आपल्या टेंभुर्णीकडे वळू. पुणे-सोलापूर रस्ता गावावरून जातो, पंढरपूरची वाट येथून फुटते. येथे जेवलेला प्रवासी संध्याकाळपर्यंत कोठच्या कोठे गेलेला असतो. गावातल्या लग्नात मात्र उलट्या-जुलाब सुरू झाले की दिवस मावळायच्या आत निकाल लागतो : स्वयंपाकीण घाणेरडी. त्या बाईची पुढची कामे सुटतात. दोष टँकरच्या पाण्याचा, अंड्यांचा की बाहेरून आणलेल्या पनीरचा, हे कोणी पाहत नाही. पाहू म्हटले तरी उरलेले अन्न उकिरड्यावर गेलेले असते, भांडी घासून पालथी घातलेली असतात आणि रोग्यांनी अँटिबायोटिक घेतलेले असते. वहीच जाळल्यावर हेळवी वाचणार काय?

तेव्हा मोठ्या जेवणावळीत प्रत्येक पदार्थ वाटीभर, उकळत्या पाण्याने धुतलेल्या डब्यात झाकून, तीन दिवस फ्रीजमध्ये ठेवावा. कोणाला जुलाब लागले तर मीठ-साखरेचे पाणी ताबडतोब सुरू करावे. शौचाचा नमुना मात्र अँटिबायोटिक घेण्याआधी सरकारी दवाखान्यात द्यावा. साल्मोनेलाचे प्रकार ओळखणारे केंद्र हिमाचलात कसौलीला आहे. पण तेथे पाठवायला आधी जंतू येथे हाती लागला पाहिजे.

ज्यांच्या घरी यंदा कार्य आहे, त्यांनी डबे काढण्याचे काम स्वयंपाकिणीलाच सांगावे, आणि ते तिच्याच बचावाचे आहे हेही आधी सांगावे. नाही तर तिला वाटायचे, आपल्यावर पाळत ठेवली आहे.