राष्ट्रकुलाचे सभासदत्व



मी कॉलेजचे तोंड पाहिलेले नाही. जे थोडे वाचले ते युनियनच्या कचेरीत, कामे उरकल्यावर. तेव्हा राष्ट्रकुलाकडेही मी कामगाराच्याच नजरेने पाहणार. कोणत्याही संघटनेबद्दल कामगार तीन प्रश्न विचारतो. आत यायचे ते कोणत्या अटीवर? बलिष्ठ सभासद चुकला तर त्याला जाब कोण विचारणार? आणि साध्या माणसाच्या पदरात काय पडणार?

पहिला प्रश्न अटीचा. १९३१ च्या वेस्टमिन्स्टर कायद्याने कॅनडासारख्या वसाहतींना स्वायत्तता मिळाली, पण राजनिष्ठेची अट कायम राहिली. म्हणून ब्रह्मदेश १९४८ साली स्वतंत्र झाला तो बाहेरच राहिला. आयर्लंडने एप्रिल १९४९ मध्ये प्रजासत्ताक होताच नाते तोडले. भारतालाही प्रजासत्ताकच व्हायचे होते. त्याच महिन्यात लंडनला तोड निघाली : भारत राजाची प्रजा असणार नाही, राजा हे स्वतंत्र राष्ट्रांच्या स्वेच्छेच्या सहवासाचे केवळ प्रतीक. आपल्या घटना समितीत यावर टीका झाली, आणि ती अकारण नव्हती. तरीपण नव्या सभासदासाठी जुन्या संस्थेला नियम बदलावा लागला, ही लहान गोष्ट नव्हे. पुढे १९६० साली घाना प्रजासत्ताक होऊनही आत राहू शकला, तो याच वाटेने.

दुसरा प्रश्न जाबाचा. दक्षिण आफ्रिकेला प्रजासत्ताक झाल्यावर सभासद राहण्यासाठी इतरांची संमती हवी होती. मार्च १९६१ च्या परिषदेत आशिया-आफ्रिकेच्या पंतप्रधानांनी, आणि कॅनडाच्या डीफेनबेकर यांनीही, वर्णभेदाचा प्रश्न लावून धरला. फेरवूर्ट यांना अर्ज मागे घ्यावा लागला. तो देश परत आला तो १९९४ साली, मंडेलांच्या राज्यात. एकजूट असली की जाब विचारता येतो, तो असा.

पण तिसऱ्या प्रश्नाशी गाडी अडते. १९४८ च्या ब्रिटिश कायद्याप्रमाणे राष्ट्रकुलातील माणूस ब्रिटनमध्ये जाऊन राहू शकत होता, काम करू शकत होता. मजुरांची टंचाई होती, तेव्हा लंडनच्या बससेवेने १९५६ पासून थेट बार्बेडोसमध्ये जाऊन माणसे भरती केली. पुढे १९६२ साली कायदा आला आणि कामाला जाणाऱ्यास परवान्याची चिठ्ठी लागू लागली. १९६८ साली तर केनियातील आपल्या लोकांच्या हाती ब्रिटिश पासपोर्ट असूनही दार लागले. आईबाप किंवा आजाआजी ब्रिटनमध्ये जन्मलेले असतील, तर मात्र वाट मोकळी! कायद्यात रंगाचा शब्द नव्हता. आजोबाच्या जन्मगावाने ते काम भागवले. हे विधेयक आठवड्याच्या आत मंजूर झाले आणि राष्ट्रकुल ते अडवू शकले नाही. कारण तिथले निर्णय सहमतीने होतात, ते कोणावर बंधनकारक नसतात.

म्हणजे टेबलाभोवती पंतप्रधान समान झाले, गोदीवर आणि बसमध्ये माणसे समान झाली नाहीत.

मग बाहेर पडावे काय? मला तसे वाटत नाही. आज ५६ देश आत आहेत. कधी ब्रिटिश वसाहत नसलेले मोझांबिक १९९५ साली आले, रवांडा २००९ साली. बार्बेडोसने २०२१ मध्ये राणीला राज्यप्रमुखपदावरून दूर केले, पण सभासदत्व सोडले नाही. २०२४ च्या सामोआ परिषदेत गुलामांच्या व्यापाराच्या भरपाईचा विषय ब्रिटनची इच्छा नसतानाही निवेदनात आलाच. सभासदाने सभेला जरूर जावे. मात्र हार घेऊन नव्हे, मागणीपत्र घेऊन. आणि त्या मागणीपत्रावर पहिले कलम कष्टकरी माणसाचे असावे.