साखळीतील दुवा आणि संगणकाची शिस्त



काटोल तालुक्यातील एखाद्या संत्राबागेचा सातबारा उतारा पाहावा. धारकाच्या नावाजवळ फेरफाराचा क्रमांक असतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ अन्वये ठेवल्या जाणाऱ्या फेरफार नोंदवहीत तो क्रमांक काढला, की जमीन कोणाकडून व कशी आली हे कळते. आधीच्या धारकाच्या नावाजवळचा क्रमांक आणखी मागे नेतो. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २००५ मधील दुरुस्तीनुसार हिस्सा मागणाऱ्या लेकीला पुष्कळदा ह्याच वाटेने पणजोबांपर्यंत जावे लागते. मधला एक दुवा तुटला, तर पलीकडची पाने शाबूत असूनही तिच्या हाती लागत नाहीत.

संगणकशास्त्रात अशा रचनेला ‘लिंक्ड लिस्ट’, म्हणजे साखळी-यादी, म्हणतात. न्यूएल, शॉ व सायमन ह्या अमेरिकन संशोधकांनी १९५५-५६ च्या सुमारास ती विकसित केली. तिच्या प्रत्येक घटकात माहिती आणि पुढील घटकाचा पत्ता असतो. बांधीव वहीत मध्येच नोंद घालावयाची, तर पुढचे सारे सरकवावे लागते. येथे दोन पत्ते लिहिले की काम होते.

परंतु ह्या सोयीतच धोका आहे. नवा घटक जोडताना प्रथम त्याला पुढच्याचा पत्ता द्यावा. मगच मागच्याला नव्याचा. क्रम उलटला, की पुढच्याचा पत्ता पुसला जातो आणि उरलेली यादी हातची जाते. दुसरी दक्षता टोकांची : यादी रिकामी असेल, एकच घटक असेल, किंवा पहिलाच वगळावयाचा असेल, तर काय होईल, हे आधी तपासावे. तिसरा प्रश्न फेऱ्याचा. शेवटचा दुवा चुकून मागे जोडला गेला, तर शोध कधीच संपत नाही. त्यासाठी दोन वाटसरू सोडावेत. एक एकेक पाऊल टाकील, दुसरा दोन-दोन. वाट गोल असेल, तर वेगवान वाटसरू दुसऱ्याला गाठणारच. सरळ असेल, तर तो शेवटास पोहोचेल.

हे शिकविण्यास आरंभी यंत्रही नको. शिक्षकांनी पुठ्ठ्याची कार्डे व सुतळी घ्यावी आणि मुलांकडून प्रत्येक दुवा हाताने जोडून घ्यावा. गावाचे दप्तर आता संगणकावर आले आहे. उद्या त्याची आज्ञावली लिहिणारे हात ह्याच वर्गांतून येतील. नवा दुवा पक्का केल्याविना जुना सोडू नये, ही सवय त्यांना लागली, तर लेकीची वाट मोकळी राहील.