धुण्याचा हिशेब कुणाच्या वहीत?

(महिला मंडळे, बचत गट आणि कार्यकर्त्या यांच्या दोन दिवसांच्या शिबिरात दुसऱ्या दिवशी सकाळी केलेले भाषण. ध्वनिमुद्रणावरून उतरवताना बोलण्याची ढब तशीच ठेवली आहे.)



काल रात्री जेवणं झाल्यावर आपल्यातल्या चौघीपाचजणींनी एक कल्पना मांडली. एकट्या राहणाऱ्या, किंवा एकटं राहावंसं वाटणाऱ्या बायकांनी मिळून डोंगराकडेला दोन-तीन एकर जमीन घ्यायची. मातीची घरं बांधायची. वीज मंडळाची तार घ्यायचीच नाही, उन्हावर दिवे लावायचे. पाणी आपलं, धान्य आपलं, गरजा कमी आणि कुणाचं बोलणं ऐकून घ्यायला नको. शहरातून आलेल्या मैत्रिणींचे चेहरे खुलले होते. पाड्यांवरून आलेल्या बायका मात्र एकमेकींकडे बघून हसत होत्या. त्यातली एक म्हणाली, "आम्ही तिथूनच निघायला बघतोय आणि ह्या तिकडे निघाल्या."

आज मला 'साधी राहणी आणि स्वावलंबन' हा विषय दिलाय. मी या दोन्ही बाजूंची बाजू घेणार आहे. कल्पना चांगली आहे आणि ते हसणंही बरोबर आहे.

आधी एका गृहस्थांची गोष्ट सांगते. अमेरिकेत कॉन्कर्ड गावाजवळ वॉल्डन नावाचं तळं आहे. हेन्री डेव्हिड थोरो १८४५ च्या जुलैत त्याच्या काठी स्वतः बांधलेल्या झोपडीत राहायला गेला. दोन वर्षं आणि दोन महिने राहिला. १८५४ साली त्यावरचं पुस्तक आलं. आपल्या दुर्गाबाई भागवतांनी ते 'वॉल्डनकाठी विचारविहार' या नावानं मराठीत आणलं. साध्या राहणीबद्दल बोलणारा जगातला जवळपास प्रत्येक माणूस या पुस्तकाशी येऊन पोचतो. त्यात त्यानं पैपैचा जमाखर्च दिलाय. झोपडीला २८ डॉलर साडेबारा सेंट लागले. फळ्या, खिळे, चुना, सगळं लिहिलंय. मात्र त्याच हिशेबात एक बारीकशी नोंद आहे. धुणं आणि कपड्यांची डागडुजी यांचा खर्च धरलेला नाही, कारण ती कामं बहुतेक बाहेरच होत आणि त्यांचं बिल अजून आलेलं नाही!

हसू नका. बिल येणार कुठून? आईचं घर चालत जायच्या अंतरावर होतं. आणि जमीन होती मित्राची, एमर्सनची.

थोरोची टिंगल करायची म्हणून हे सांगत नाही. गुलामगिरी पोसणाऱ्या सरकारला कर देणार नाही म्हणून १८४६ मध्ये एक रात्र तुरुंगात काढलेला माणूस आहे तो. त्यानं निदान प्रामाणिकपणे लिहून तरी ठेवलं. आपल्याकडे साधेपणाचे गोडवे गाणाऱ्यांच्या वहीत धुण्याचा रकानाच नसतो. मला एवढंच म्हणायचंय, की कुणी साध्या राहणीचं चित्र समोर ठेवलं की आपण दोन प्रश्न विचारायचे. धुणं कोण धुतं? आणि जमीन कुणाच्या नावावर आहे?

पहिला प्रश्न घेऊ. त्यात पाण्यापासूनच सुरुवात करू, कारण तारेवाचून राहता येतं, पाण्यावाचून नाही. सरकारच्या जल जीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर धरलेत. पाचजणींचं घर धरा. २७५ लिटर झाले. हंडा १५ लिटरचा म्हटला तर अठरा हंडे. एका खेपेला दोन हंडे आणले तर नऊ खेपा. झरा अर्धा किलोमीटरवर असेल तर रोज नऊ किलोमीटर चाल, त्यातली निम्मी डोक्यावर तीस किलो घेऊन, शिवाय हंड्यांचं वजन वेगळं. हे एका दिवसाचं. म्हणून पाड्यावरची बाई ५५ लिटर वापरतच नाही. वीसवर भागवते. अंघोळ दोन दिवसांनी, पाळीचे कपडे जमेल तसे. बाहेरून बघणारा म्हणतो, किती कमी गरजा आहेत हो यांच्या! अहो, गरजा कमी नाहीत, खेपा जास्त आहेत.

आता हाच हिशेब आपल्या बाजूनं फिरवता येतो. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं, एवढं एकच सूत्र पाठ ठेवा. तीनशे चौरस फुटांचं छप्पर म्हणजे साधारण २८ चौरस मीटर. घाटमाथ्यावर दोन हजार मिलिमीटर पाऊस धरला तर त्या छपरावर ५६ हजार लिटर पडतं. पन्हळी गळून-उडून जाणारं वजा केलं तरी चाळीस-पंचेचाळीस हजार हाती लागतं. पाचजणींच्या पिण्याला आणि स्वयंपाकाला रोज ३५ लिटर म्हटलं, तर कोरड्या आठ महिन्यांना ८,४०० लिटर पुरतं. म्हणजे दहा हजार लिटरची झाकणबंद टाकी. पहिल्या पावसाचं पाणी सोडून द्यायचं, तोंडाला गाळणी लावायची. फेरोसिमेंटची टाकी गवंड्याच्या हाताखाली बायका बांधू शकतात. पण धुणं, अंघोळ, संडास धरून आठ महिन्यांना ६६ हजार लिटर लागतं, ते टाकीतून नाही भागणार. त्याला विहीर हवी, नाहीतर घराच्या वरच्या अंगाला झरा हवा, म्हणजे पंप न लावता नळीनं पाणी खाली येईल. तेव्हा जमीन बघायला जाल तर मे महिन्यात जा. ऑगस्टमध्ये सगळाच सह्याद्री सुंदर असतो.

आता चुलीकडे वळू. चुलीवरच्या भाकरीची चव वेगळी, असं हॉटेलांच्या पाट्यांवरही लिहिलेलं असतं. ती भाकरी थापणाऱ्या बाईच्या डोळ्यांबद्दल पाटीवर काही नसतं. घरातल्या धुरानं जगभरात वर्षाला सुमारे ३२ लाख मृत्यू होतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० सालाचा अंदाज आहे. चूल ठेवायची असेल तर धुराडं असलेली ठेवा, वर्षातून दोनदा ते साफ करा, आणि गॅसची एक टाकी कोपऱ्यात असू द्या. आजारी बाईला रात्री दोन वाजता पेज करून द्यायची असते तेव्हा फुंकणी घेऊन बसण्यात कसलंही तत्त्व नाही.

जात्याचं सांगते आणि पुढे जाते. जात्यावरच्या ओव्या हे आपलं फार मोठं धन आहे. हेमा राईरकर आणि गी पॉयत्वाँ यांच्या प्रकल्पात लाखाहून जास्त ओव्या जमा झाल्या, आणि त्या बायकांनी स्वतः घडवलेल्या, गायलेल्या. पहाटे दळताना बाईला स्वतःशी, शेजारणीशी, देवाशी बोलायला मिळायचं. पण गावात पिठाची गिरणी आली तेव्हा कुठली बाई रडली? मी ज्या ज्या म्हाताऱ्यांना विचारलं, त्या सगळ्या म्हणाल्या, बरं झालं. एकजण म्हणाली, "ओवी अजूनपण येते मला, दळण नको." साध्या राहणीबद्दल मी एवढं वाचलं, त्यात याहून नेमकं काही मिळालं नाही.

तर मग या जगण्यात घेण्यासारखं काहीच नाही का? पुष्कळ आहे. आणि ते हसणाऱ्या बायकांकडेच आहे. शेवळं खायची तर काकडाची आंबट फळं घालून शिजवायची, नाहीतर घसा खाजतो, हे कुठल्या शाळेत शिकवतात? कुर्डू, टाकळा, भारंगी, करटोली कधी येतात, कुठल्या उतारावर येतात आणि मुळासकट का उपटायची नाहीत, हे ज्ञान आहे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. त्यांनी गावरान बियाणं जपलं, बियाणं बँक उभी केली. २०२० सालासाठीच्या पद्म पुरस्कारांत त्यांना पद्मश्री जाहीर झाली. बियाणं विकत आणावं लागत नाही, हे स्वावलंबन मला सौर दिव्याहून मोठं वाटतं. दिव्याची बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते आणि ती कारखान्यातूनच येते. बी मडक्यातून येतं.

आणखी एक गोष्ट. एकट्या घराचं स्वावलंबन फार तोकडं असतं. धडगाव तालुक्यात बिलगाव आहे, नर्मदेच्या खोऱ्यातलं. तारा तिथे पोचल्या नव्हत्या. गावातल्या आदिवासींनी श्रमदान केलं, केरळमधून आलेल्या तंत्रज्ञ तरुणांनी मदत केली, आणि २००३ मध्ये उदई नदीच्या पाण्यावर १५ किलोवॉटचा लहानसा वीजप्रकल्प उभा राहिला. पाड्यापाड्यात दिवे लागले. २००६ च्या पावसाळ्यात सरदार सरोवराच्या फुगवट्यात तो बुडाला. म्हणजे आपण बाजाराकडे आणि सरकारकडे पाठ फिरवली, म्हणून ते आपल्याकडे पाठ फिरवतात असं नाही. डोंगरात राहायला गेलात तरी ग्रामसभेला जावं लागेल. किंबहुना जास्तच जावं लागेल.

शहरात राहूनही हे करता येतं, हे डॉ. हेमा साने यांनी दाखवलं. पुण्यात गरवारे महाविद्यालयात त्यांनी वनस्पतिशास्त्र शिकवलं, पुस्तकं लिहिली, आणि बुधवार पेठेतल्या जुन्या घरात आयुष्यभर विजेशिवाय राहिल्या. मला त्यांच्याबद्दल फार आदर आहे. त्यांना कुणी म्हणू शकलं नाही की बाईनं नाइलाजानं असं काढलं. शिक्षण होतं, नोकरी होती, राहायला छप्पर होतं, त्यामुळे 'मला नको' हे म्हणणं त्यांचं स्वतःचं होतं. पाड्यावरच्या बाईला वीज नको म्हणायचा अधिकार हवा असेल, तर आधी तिच्या दारात वीज यायला हवी.

आता दुसरा प्रश्न, जमिनीचा. इथे मला जरा वेळ द्या.

महाराष्ट्रात शेतजमीन कुणालाही विकत घेता येत नाही. १९४८ च्या कूळकायद्याप्रमाणे घेणारी व्यक्ती शेतकरी असावी लागते, नाहीतर परवानगी काढावी लागते. आदिवासींची जमीन बिगरआदिवासींना परवानगीशिवाय घेता येत नाही, आणि ते योग्यच आहे. त्यामुळे कुणी दलाल "ताई, कागदाचं मी बघतो" म्हणाला तर तिथूनच परत फिरा. दुसऱ्याच्या नावावर घेऊन आपण राहायचं, असल्या व्यवहारात म्हातारपणी रस्त्यावर यायची वेळ येते.

मग शेतकरी असल्याचा पुरावा काय? बहुतेक वेळा सातबारा. आणि सातबारावर आपलं नाव का नसतं? आपण स्वतःच ते काढून दिलेलं असतं. वडील गेले की भाऊ कागद घेऊन येतो. हक्कसोडपत्र. साडीचोळी मिळते, माहेर टिकेल असं वाटतं, आपण सही करतो. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाबरोबरीचा वाटा महाराष्ट्रानं १९९४ मध्येच दिला आणि देशानं २००५ मध्ये. कायदा झाला आणि बाजूलाच हक्कसोडाचा धंदा वाढला. दहा गुंठे का असेनात, सातबाराला नाव असलेली बाई उद्या शेतकरी म्हणून दुसरीकडे जमीन घेऊ शकते. नाव सोडलेली बाई भावाच्या मर्जीवर आणि नवऱ्याच्या पगारावर राहते, मग तिची राहणी कितीही साधी असो. शेतकरी संघटनेनं चांदवडच्या १९८६ च्या महिला अधिवेशनानंतर पुढे लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली होती, बायकोच्या नावे जमीन करून द्यायची. ती मोठी गोष्ट होती. पण तिथे देणारा नवरा होता. मुलीचा वाटा कुणी द्यायचा नसतो, तो तिचाच असतो.

पाड्यावरच्या मैत्रिणींसाठी २००६ चा वनहक्क कायदा आहे. त्यात लग्न झालेल्यांना पट्टा नवराबायको दोघांच्या नावे मिळतो, आणि एकट्या बाईचं घर असेल तर तिच्या एकटीच्या नावे. तुमच्या पट्ट्यावर तुमचं नाव आहे की नाही, हे घरी गेल्यावर बघा. परित्यक्ता मैत्रिणींनी तर नक्की बघा.

एवढं सगळं जमलं आणि खरंच चौघीपाचजणी राहायला गेल्या, तरी पहिल्या महिन्यातच कामाचा तक्ता भिंतीवर लावा. नुसत्या बायका आहोत म्हणजे वाटणी आपोआप बरोबर होईल, या भ्रमात राहू नका. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत, घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाची सरासरी २९९ मिनिटं आली आणि करणाऱ्या पुरुषांची ९७. पण मुळात हात लावणारा पुरुष चारांत एकच. ही सवय पुरुषांपुरती नसते. शिकलेली, मोठ्या जातीची, इंग्रजी बोलणारी बाई हिशेब आणि पत्रव्यवहार घेते आणि संडासाचा खड्डा दुसरीकडे जातो, हे मी आपल्याच संस्थांमध्ये पाहिलंय. तक्ता आठवड्याला फिरता ठेवा. खड्डा, धुणं, पाणी, लाकूड, हिशेब, सगळं त्यात घ्या.

आणि काही बाबतींत स्वावलंबनाचा हट्ट धरायचा नाही. साप चावला तर झाडपाला नाही, मंत्र नाही, चिरा देणं नाही. हात-पाय हलू न देता सरळ प्राथमिक आरोग्य केंद्र गाठायचं, लस असल्याची खात्री आधीच करून ठेवायची. कुणाची गाडी रात्री मिळेल त्याचा नंबर दारामागे लिहून ठेवायचा. फोन लागतो ती जागा कुठली, ते सगळ्यांना माहीत हवं. पाहुणी बाळंतपणाला येणार असेल तर तिला गावात ठेवायचं, डोंगरावर नाही.

ज्यांनी सातबाराचे उतारे आणलेत, त्यांनी चहानंतर उजवीकडच्या खोलीत या. कब्जेदाराच्या रकान्यात कुणाचं नाव आहे, इतर हक्कात काय लिहिलंय आणि फेरफार क्रमांकावरून जुना कागद कसा काढायचा, हे एकेक उतारा हातात घेऊन बघू. ज्यांच्यापुढे हक्कसोडाचा कागद सध्या आलेला आहे, त्यांनी सर्वात आधी या. सही झाली नसेल तर आज दुपारपर्यंत करू नका.